उद्योजकतेचे बाळकडू आणि गोष्टीची पुस्तके

गेल्या हिवाळ्यात कामानिमित्त एका जिल्हा परिषद शाळेत जाण्याचा योग आला. त्या दिवशी शाळेत बाल आनंद मेळावा भरला होता. पटांगणात पोती आणि जुन्या साड्या अंथरून मुलांनी दुकाने थाटली होती. कोणी मेथीच्या जुड्या मांडल्या होत्या, कोणी बोरे, कोणी घरून करून आणलेली भेळ. गावकरी मंडळी कौतुकाने खरेदी करीत होती. चौथीतील एका मुलीच्या पंधरा जुड्या तासाभरात संपल्या. तिने पैसे दोनदा मोजले आणि ती धावत गुरुजींकडे आली.

"गुरुजी, दीडशे रुपये आले. सगळा फायदाच!"

"आणि मेथी कितीला पडली?"

"मेथी फुकटचीच. आमच्याच वावरातली. आईने पहाटे काढली, निवडली आणि जुड्या बांधून दिल्या."

"मग आईच्या कामाचे किती धरलेस?"

मुलगी हातातल्या वहीकडे पाहत राहिली. वहीत तसा रकानाच नव्हता.

हा प्रसंग येथे मुद्दाम नमूद केला आहे. मुलांमध्ये लहानपणापासून उद्योजकतेची वृत्ती रुजावी, असे आज सर्वत्र बोलले जाते. त्यासाठी मेळावे भरतात आणि गोष्टीची पुस्तकेही निघतात. हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. परंतु या पुस्तकांनी मुलाला नेमके काय शिकवावे, हा प्रश्न त्या वहीतील नसलेल्या रकान्याशी येऊन थांबतो. प्रस्तुत लेखात काही जुन्या आणि काही खऱ्या गोष्टींच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. शिक्षक, पालक आणि गावोगावचे ग्रंथपाल यांना तो उपयोगी पडावा, अशी अपेक्षा आहे.

उद्योजकता : मोठा शब्द, साधा अर्थ

उद्योजकता म्हटले की कारखाना, कर्ज, परवाना आणि यंत्रसामग्री डोळ्यांपुढे उभी राहते. सहा ते दहा वर्षांच्या मुलाचा याच्याशी काय संबंध, अशी शंका कोणालाही येईल. परंतु या शब्दाच्या मुळाशी चार साध्या क्रिया आहेत. दुसऱ्याची गरज ओळखणे ही पहिली, हाताशी असलेल्या साधनांची जुळवाजुळव करणे ही दुसरी, अपयश येऊ शकते हे जाणूनही पाऊल उचलणे ही तिसरी आणि शेवटी चोख हिशेब देणे ही चौथी. या चारही क्रिया लहान मुलाला समजतात. मात्र त्या व्याख्यानातून समजत नाहीत, गोष्टीतून समजतात.

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ असे आपले वाडवडील म्हणत आले. प्रत्यक्षात मात्र घरोघरी हा क्रम केव्हाच उलटा झाला. व्यापाराविषयीच्या आपल्या संकोचाला बालवाङ्मयानेही थोडाफार हातभार लावला आहे. गोष्टीतील राजा शूर असतो, शेतकरी कष्टाळू असतो आणि वाणी मात्र बहुधा कंजूष किंवा लबाड असतो. ज्या मुलाचे वडील किराणा दुकान चालवतात किंवा ज्या मुलीची आई आठवडी बाजारात भाजी विकते, त्या मुलांना पुस्तकात आपले घर सन्मानाने भेटत नाही. म्हणून अशा कथांचा पहिला लाभ मुलाला श्रीमंत होण्याची युक्ती मिळण्यात नसून आपल्या माणसांचे काम त्याच्या नजरेस येण्यात आहे.

उंदराच्या भांडवलावर व्यापार

या विषयावरील एक उत्तम गोष्ट आपल्याकडे जवळजवळ हजार वर्षांपासून आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने संस्कृतात रचलेल्या ‘कथासरित्सागर’ या ग्रंथात ती येते. ती थोडक्यात अशी :

एका मुलाचे वडील त्याच्या जन्मापूर्वीच वारले. नातलगांनी आईचे होते नव्हते ते हिरावून घेतले. वडिलांच्या एका मित्राच्या घरी तिला आसरा मिळाला. मोलमजुरी करून तिने मुलाला वाढवले आणि एका शिक्षकाची मनधरणी करून त्याला लिहिणे व हिशेब करणे शिकवले. मुलगा मोठा झाल्यावर ती त्याला म्हणाली, "तू वाण्याचा मुलगा आहेस, व्यापार कर. या नगरात विशाखिल नावाचा धनिक गरजूंना भांडवल देतो, त्याच्याकडे जा." मुलगा गेला तेव्हा विशाखिल एका कर्जदार तरुणावर संतापला होता. "हा जमिनीवर पडलेला मेलेला उंदीर पाहा. हुशार माणूस एवढ्या मालावरही धन मिळवील. तुला मी इतक्या मोहरा दिल्या, तू त्या वाढवल्या तर नाहीसच, राखल्याही नाहीस!"

हे ऐकताच मुलगा पुढे झाला. "हा उंदीर मी आपल्याकडून भांडवल म्हणून घेतो," असे म्हणून त्याने उंदीर उचलला आणि त्याबद्दल रीतसर पावती लिहून दिली. विशाखिलाला हसू आवरेना.

एका व्यापाऱ्याने मांजराच्या खाण्यासाठी तो उंदीर घेतला आणि दोन ओंजळी हरभरे दिले. मुलाने ते दळले, पाण्याचा घडा घेतला आणि गावाबाहेरच्या चौरस्त्यावर सावलीत तो जाऊन उभा राहिला. लाकूडतोडे रानातून दमून येत होते. त्याने त्यांना नम्रपणे पीठ आणि पाणी दिले. प्रत्येकाने आनंदाने दोन दोन लाकडे दिली. ती विकून आलेल्या पैशांतील थोड्या भागाचे त्याने पुन्हा हरभरे घेतले, बाकीचे शिल्लक टाकले. असे रोज करता करता गाठीशी पैसा जमला. मग तीन दिवस त्याने लाकूडतोड्यांचे सगळे लाकूड विकत घेतले. इतक्यात मुसळधार पाऊस लागला, लाकडाची टंचाई झाली आणि तो साठा शेकडो पणांना विकला गेला. त्या पैशांवर त्याने दुकान घातले. पुढे तो धनवान झाला आणि एक सोन्याचा उंदीर घडवून त्याने विशाखिलाला परत केला. विशाखिलाने त्याला आपली मुलगी दिली. लोक त्याला ‘मूषक’ म्हणूनच ओळखू लागले.

गोष्टीत दडलेले धडे

ही गोष्ट वर्गात सांगताना शिक्षकाने घाई करू नये. तिच्या प्रत्येक वळणावर थांबण्यासारखे आहे.

मुलाजवळ पहिल्या दिवशी काय होते? मेलेला उंदीर, असे मुले म्हणतील. पण उंदीर हाती येण्यापूर्वीच त्याच्याजवळ अक्षरओळख होती, हिशेब होता आणि नम्र वाणी होती. पावती लिहिता आली म्हणूनच तो उंदीर भांडवल झाला, एरवी तो केरात जाणारी वस्तू होता. घेतलेल्या वस्तूची नोंद करणे हा व्यवहारातील प्रामाणिकपणाचा पहिला संस्कार येथे सहज होतो.

दुसरे वळण चौरस्त्यावरचे. हरभरे तो बाजारात तसेच विकू शकला असता. त्याने ते दळले, सोबत पाणी घेतले आणि दमलेली माणसे जेथून जातात ती जागा निवडली. माल तोच, परंतु योग्य रूपात, योग्य ठिकाणी आणि योग्य वेळी दिल्यामुळे त्याचे मोल वाढले. अर्थशास्त्रात ज्याला मूल्यवर्धन म्हणतात ते तिसरीतल्या मुलाला इतक्या सोप्या रीतीने क्वचितच समजावता येईल.

तिसरे वळण शिलकीचे. आलेल्या पैशांतील थोडाच भाग पुन्हा मालात घातला आणि बाकीचा राखला. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण मुलांना पाठ असते, येथे तिचा हिशेब दिसतो.

चौथे वळण अवघड आहे आणि म्हणूनच महत्त्वाचे. तीन दिवसांचे सगळे लाकूड एकट्याने घेणे आणि टंचाईत ते चढ्या भावाने विकणे, हे योग्य झाले का? पाऊस येईल हे त्याला ठाऊक होते, असे गोष्ट सांगत नाही. म्हणजे यात नशिबाचाही वाटा आहे. पण त्या पावसात ज्या घरी चूल पेटली नाही, त्यांचे काय? दूरदृष्टी आणि साठेबाजी यांच्यातील सीमारेषा कोठे आखावी, यावर मुलांना बोलू द्यावे. शिक्षकाने आपले उत्तर आधी सांगू नये. आठ वर्षांची मुलेही न्याय-अन्यायाविषयी पोटतिडकीने बोलतात.

तीच गोष्ट, दुसरा प्रश्न

याच गोष्टीचे आणखी जुने रूप पाली भाषेतील जातककथांमध्ये ‘चुल्लकसेट्ठि जातक’ या नावाने आहे. तेथे घटना वाराणसीत घडते. एका शहाण्या श्रेष्ठीचे बोलणे कानावर पडताच एक गरीब तरुण मेलेला उंदीर उचलतो आणि क्षुल्लक नाण्याला विकतो. त्या पैशाचा गूळ घेऊन तो फुले वेचणाऱ्या माळ्यांना गूळपाणी देतो. पुढे वादळात राजाच्या बागेत फांद्यांचा खच पडतो. त्या उचलून नेण्याच्या बोलीवर तरुण फांद्या फुकट मिळवतो आणि राजाच्या कुंभाराला भट्टीसाठी विकतो. नंतर घोड्यांचा व्यापारी आणि मालाचे जहाज यांच्याशी व्यवहार करून तो मोठे धन मिळवतो आणि त्यातील अर्धे त्या श्रेष्ठीला कृतज्ञतेने देऊ करतो.

या कथेतील एक बारकावा वाचकाच्या नजरेतून सहज निसटतो. बागेतल्या फांद्या गोळा कोणी केल्या? खेळणाऱ्या मुलांनी. तरुणाने त्यांना थोडा थोडा गूळ दिला आणि त्यांच्याकडून सगळे काम करून घेतले. गोष्ट ऐकणारी मुले या जागी हमखास हसतात, कारण गूळ त्यांनाही आवडतो. तेव्हाच विचारावे, "फांद्यांचे पैसे किती आले आणि मुलांना काय मिळाले? तुम्ही असता तर काय मागितले असते?" मोबदल्याचा विचार येथून सुरू होतो.

अगदी लहानांसाठी आपल्या घराघरांतून सांगितली जाणारी ‘उंदराची टोपी’ही याच कामी येते. उंदराला चिंधी सापडते. ती धोबी धुतो, शिंपी शिवतो, कोणी गोंडे लावतो आणि चिंधीची टोपी होते. चिंधी आणि टोपी यांच्यातील अंतर म्हणजे कारागिरांचे कौशल्य. काही घरांत ही गोष्ट सांगताना उंदीर कारागिरांना धाक घालून काम करवून घेतो. तसे सांगायला हरकत नाही, मात्र गोष्ट संपल्यावर "शिंप्याला शिलाई मिळाली का?" एवढे विचारायला विसरू नये.

मनोराज्य आणि विश्वास

पंचतंत्रातील पहिल्या तंत्राची सुरुवातच वर्धमान नावाच्या व्यापाऱ्याच्या विचारविनिमयाने होते. त्या ग्रंथातील दोन कथा या विषयाला पूरक आहेत. एक स्वभावकृपण नावाच्या ब्राह्मणाची. भिक्षेतून उरलेल्या सातूच्या पिठाने भरलेले मडके खुंटीला टांगून तो खाली पडल्या पडल्या हिशेब मांडतो. दुष्काळ पडेल, पीठ महाग विकू, शेळ्या घेऊ, मग गाई, म्हशी, घोड्या, वाडा, लग्न, मुलगा! मनोराज्यातच तो लाथ झाडतो, मडके फुटते आणि पीठ अंगावर सांडते.

ही कथा मूषकाच्या कथेशेजारी ठेवून सांगावी. दोन्हींत क्षुल्लक वस्तूपासून संपत्तीपर्यंतची साखळी आहे. फरक इतकाच, की एकाने प्रत्येक कडी हातांनी जोडली आणि दुसऱ्याने अंथरुणावर पडून. योजना आणि मनोराज्य यांतील भेद मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी कथा लोखंडी तराजूची. एक व्यापारी परदेशी जाताना आपला तराजू दुसऱ्या व्यापाऱ्याकडे ठेव म्हणून ठेवतो. परत आल्यावर "तो उंदरांनी खाल्ला" असे उत्तर मिळते. तेव्हा तो त्या व्यापाऱ्याच्या मुलाला लपवून ठेवतो आणि "त्याला ससाण्याने उचलून नेले" असे सांगतो. प्रकरण न्यायसभेत जाते आणि दोघांनाही आपापले परत मिळते. ठेव परत देणे हा व्यवहाराचा कणा आहे, हे मुले येथे हसत हसत शिकतात. पण भांडण मोठ्यांचे असताना त्या लहान मुलाला कोंडणे बरे होते का, हेही विचारून पाहावे.

आपल्या मातीतील खऱ्या गोष्टी

जुन्या कथांबरोबर खऱ्या माणसांच्या गोष्टीही मुलांना हव्यात. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. चित्रकलेची आवड म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. परंतु डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यामुळे रंगकाम सोडावे लागले. मग ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी त्या काळी अनेक शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे नांगर तयार असूनही गिऱ्हाईक मिळेना. तरी लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. १९१० मध्ये औंध संस्थानातील ओसाड माळावर, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली. एक वाट बंद झाली तर दुसरी शोधावी आणि गिऱ्हाइकाला हसण्यापेक्षा त्याची शंका फेडावी, हे या कथेचे सार आहे.

दुसरी गोष्ट गिरगावातील. १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. त्यातूनच श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था वाढली. देणगी घ्यायची नाही, असे त्यांनी ठरवले. संस्थेतील प्रत्येक स्त्री ‘बहीण’ आणि प्रत्येक बहीण मालकीण. मळलेले पीठ घरी न्यावे, पापड लाटून आणून द्यावेत आणि लाटणावळ घ्यावी, अशी पद्धत. या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

पापड त्यापूर्वीही घरोघरी लाटले जातच होते. फरक एवढाच पडला, की जे काम घरचे म्हणून कोणी मोजत नव्हते, ते येथे मोजले गेले. आनंद मेळाव्यातील त्या मुलीला सांगावी अशी ही गोष्ट आहे.

वर्गात आणि वाचनालयात

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवणारी नई तालीम मांडली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालविण्याची शिफारस आहे. त्यापूर्वीच्या वयात ही ओळख करून देण्याचे काम गोष्टीच्या पुस्तकांनी करावे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून मुलांच्या हाती पडत आहे. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संगणकीय मंचावर मराठीसह अनेक भाषांतील चित्रकथा विनामूल्य वाचता येतात. साधनांचा तुटवडा पूर्वीइतका राहिलेला नाही, निवड मात्र डोळसपणे करायला हवी.

पुस्तक निवडताना पुढील प्रश्न मनाशी विचारावेत. नायक कोणाची तरी गरज भागवतो, की केवळ पैसे मिळवतो? त्याला एकदा तरी अपयश येते का? मदत करणाऱ्यांचे श्रम कथेत दिसतात का? मुलगी केवळ मदतनीस आहे, की निर्णयही घेते? आणि शेवटी नायकाच्या हाती धनाखेरीज आणखी काही उरते का?

एक सावधगिरी येथे आवर्जून सांगावयास हवी. शाळा सोडून एस.टी. स्थानकावर पेरू विकणाऱ्या मुलाला ‘छोटा उद्योजक’ म्हणून गौरविणारी कथा कितीही रंजक असली तरी ती मुलांच्या हाती देऊ नये. १९८६ च्या बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई आहे. कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या कामात शाळेच्या वेळेनंतर हातभार लावणे एवढीच सवलत प्रामुख्याने ठेवलेली आहे. मूषकाच्या आईने हालअपेष्टांतही मुलाला आधी लिहायला आणि हिशेब करायला शिकवले, व्यापाराला नंतर पाठवले. हजार वर्षांपूर्वीच्या कथेतील हा क्रम आपणही मोडता कामा नये.

चौथा रकाना

गोष्ट सांगून झाल्यावर वहीत चार रकान्यांचे कोष्टक आखून घ्यावे : काय आले, काय दिले, कोणाचे श्रम लागले, काय राहिले. उदाहरणादाखल त्या मेथीचाच हिशेब घेऊ. विक्री १५० रुपये. बी आणि खत २० रुपये, येण्याजाण्याचा खर्च १० रुपये. आईचे दोन तास, ताशी ४० रुपये धरल्यास ८० रुपये. वजा जाता राहतात ४० रुपये. दीडशेचे चाळीस झाले म्हणून मूल हिरमुसेल. पण हाच खरा फायदा आहे आणि तो मिळवताना आईचे कामही मोलाचे ठरले, हे त्याला त्याच वेळी कळेल.

शेवटी मूषकाच्या गोष्टीतील एक प्रश्न उरतो. सोन्याचा उंदीर विशाखिलाला मिळाला, आणि ते योग्यच होते, कारण भांडवल त्याचे होते. परंतु ज्या माऊलीने मोलमजुरी करून मुलाला अक्षर आणि अंक दिले, तिचे भांडवल कोणत्या वहीत लिहिले गेले? सोन्याचा दुसरा उंदीर घडवायचा झाला तर तो कोणाला द्याल, असे मुलांना विचारून पाहावे. उत्तर शोधायला त्यांना वेळ लागणार नाही. उद्योजकतेची ओळख करून देणाऱ्या पुस्तकांनी एवढा एक रकाना मुलांच्या वहीत कायमचा आखून दिला, तरी त्यांचे काम मोठे झाले असे म्हणता येईल.